सामाजिक प्रभाव आणि अभिवृत्ती : सोलापूर जिल्ह्यातील दाखले

सामाजिक प्रभाव आणि अभिवृत्ती : इतर माणसांचे असणे, त्यांच्या अपेक्षा आणि त्यांचे वागणे यांमुळे एखाद्याच्या विचारांत, भावनांत वा कृतीत जो बदल होतो, त्यास सामाजिक मानसशास्त्रात सामाजिक प्रभाव म्हणतात. एखादी व्यक्ती, समूह, वस्तू किंवा रूढी यांविषयी मनात मुरलेला अनुकूल वा प्रतिकूल कल म्हणजे अभिवृत्ती. मत बदलले की वागणे आपोआप बदलते, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि प्रबोधनाच्या बहुतेक मोहिमा तिच्यावरच उभ्या असतात. ही समजूत अपुरी आहे. मत आणि कृती यांच्यामध्ये चारचौघे उभे असतात. त्यांना काय चालेल याचा माणूस जो अंदाज बांधतो, तो बहुधा प्रत्यक्षापेक्षा अधिक कर्मठ असतो. पंढरपूरचे मंदिर, करमाळा तालुक्यातून निघालेली विधवा प्रथाबंदीची मोहीम, सोलापूर शहरातील मे १९३० चे दिवस आणि तिथलीच ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची सेटलमेंट हे या विषयाचे मराठी मुलखातले ठळक दाखले आहेत.

मत आणि वागणे यांच्यातली फारकत रिचर्ड लापिएर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवून दिली. एका चिनी जोडप्याबरोबर त्याने अमेरिकेत हजारो मैल प्रवास केला. अडीचशे हॉटेले आणि खानावळींमध्ये ते गेले आणि फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच मालकांना पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळवले. आपल्याकडचा अनुभव नेमका उलटा आहे. केरळातील गुरुवायूर मंदिर सर्व हिंदूंना खुले व्हावे यासाठी के. केळप्पन यांनी १९३२ साली उपोषण केले. गांधीजींच्या सांगण्यावरून ते थांबवून पोन्नानी तालुक्यात लोकांचा कौल घेण्यात आला. सुमारे ७७ टक्के लोक प्रवेशाच्या बाजूने होते, तरी मंदिराचे दार उघडायला १९४७ साल उजाडले. कागदावर अनुकूल असणारा माणूस देवळाच्या पायरीवर आला की आजूबाजूला पाहतो.

मॉर्टन डॉइश आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ साली प्रभावाचे दोन प्रकार वेगळे केले. इतरांना अधिक माहीत असेल म्हणून त्यांचे मानणे हा माहितीचा प्रभाव. त्यांनी आपल्याला वाळीत टाकू नये म्हणून त्यांचे मानणे हा मान्यतेचा प्रभाव. खेड्यात आणि पेठेत दुसऱ्याचीच सत्ता मोठी असते. सॉलोमन ॲश याच्या १९५१ च्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखायची होती आणि उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. तरीही बाकीचे सगळे ठरवून चुकीचे बोलू लागले की सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी त्यांची री ओढली. पुढे घडले ते फारसे सांगितले जात नाही, पण खरे महत्त्व त्याचेच आहे. गटात एक जरी माणूस खरे बोलणारा निघाला, तर री ओढण्याचे प्रमाण एक-दशांशाच्या आसपास वा त्याखाली घसरले. म्हणजे बहुमत फोडायला बहुमत लागत नाही. पहिला सोबती लागतो, आणि तो सर्वांसमक्ष दिसावा लागतो.

पंढरपूर, १९४७. चोखामेळ्याची समाधी विठ्ठल मंदिरात नाही. ती महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. ज्याचे अभंग सारे वारकरी गात होते, त्याच्या जातीची माणसे शतकानुशतके तिथूनच परत फिरत होती. यातली विसंगती कोणाला दिसत नव्हती असे नाही, पण रोजच्या वहिवाटीत ती खपून जात होती. साने गुरुजींनी १९४६ च्या अखेरीस मंदिरप्रवेशासाठी उपोषणाचा निर्धार जाहीर केला. सेनापती बापट यांनी त्यांना थोपवले आणि आधी महाराष्ट्र पालथा घालून लोकमत जागे करण्यास सुचवले. गुरुजी काही महिने गावोगाव हिंडले. राष्ट्र सेवा दलाची मुले आणि कलापथके बरोबर होती. मानसशास्त्राच्या दृष्टीने या आंदोलनाचा गाभा या दौऱ्यात आहे. सभा झाली की त्या त्या गावातले देऊळ किंवा विहीर तिथल्या तिथे, सर्वांच्या देखत खुली व्हायची. ज्याने आपल्या गावचे देऊळ उघडताना पाहिले, त्याला पंढरपूरचे दार उघडणे अशक्य वाटेनासे झाले. शेजारच्या गावानेही उघडले ही बातमी शंभर व्याख्यानांचे काम करून गेली.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले. गावात सनातन्यांचा विरोध तीव्र होता, गुरुजींना जागा द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांची सोय केली. वारकरी परंपरेतल्या मान्यवराने उघडपणे जागा देणे हे ॲशच्या प्रयोगातल्या त्या एका खरे बोलणाऱ्या माणसाचे काम होते. देवाचे भक्त सगळे एका बाजूला आहेत, हा देखावा त्या दिवशी मोडला. हे उपोषण गांधीजींना पसंत नव्हते. केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांनी मध्यस्थी केली, मंदिराचे पुजारी बडवे यांनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

उपोषण म्हणजे दबावच नव्हे का, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो रास्त आहे. हर्बर्ट केलमन याने १९५८ साली प्रभावाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : भीतीने किंवा लाभासाठी नमते घेणे, आदरणीय व्यक्तीशी एकरूप होऊन तिच्यासारखे वागणे, आणि ती गोष्ट स्वतःच्या मूल्यांत मुरवणे. नुसते उपोषण पहिल्या पायरीवरच थांबले असते. गुरुजींबद्दलच्या मायेमुळे अनेकजण दुसरीवर आले. दौऱ्यामुळे काहीजण तरी तिसरीवर पोचले. सगळे पोचले नाहीत. अस्पृश्यांचा प्रवेश होण्याआधी मूर्तीतले तेज काही कर्मठांनी पाण्याच्या घागरीत काढून घेतले, असे त्या काळच्या आठवणींत सांगतात. लिऑन फेस्टिंगर याने १९५७ मध्ये मांडलेल्या संज्ञानात्मक विसंगतीच्या सिद्धांताला याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. दार उघडले हे नाकारता येत नाही आणि जुनी श्रद्धा सोडवत नाही, तेव्हा मन दोहोंना सांधणारी कथा शोधते. या सिद्धांताची एक मुळी भारतातच आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर आणखी मोठ्या संकटांच्या अफवा का पसरल्या, याचा जमुना प्रसाद यांनी केलेला अभ्यास फेस्टिंगरच्या विचाराला चालना देणारा ठरला.

देवळाचा दरवाजा म्हणजे समता नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. नाशिकचा काळाराम सत्याग्रह (१९३०–३५) थांबवून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ साली येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची वेगळी वाट जाहीर केली होती, ती याच जाणिवेतून. पंढरपुरातली बडवे-उत्पातांची वंशपरंपरागत सत्ता १९७३ च्या कायद्याने काढून घेतली गेली. न्यायालयीन लढा संपून ती प्रत्यक्ष सुटली २०१४ मध्ये.

विधवा प्रथा आणि करमाळा. या दाखल्यात बाहेरचा कोणी अडवत नाही, घरातलीच माणसे कडे करून बसतात. नवऱ्याचे शव अंगणात असताना बाईच्या हातातल्या बांगड्या फोडल्या जातात, कपाळाचे कुंकू पुसले जाते, मंगळसूत्र तोडले जाते, पायातली जोडवी काढली जातात. बहुतेक वेळा हे करणाऱ्या बायकाच असतात, आणि त्यांतल्या कित्येक स्वतः यातून गेलेल्या असतात. एकेकीला बाजूला घेऊन विचारावे तर ‘मला पण पटत नाही, पण रीत आहे’ हेच उत्तर येते. डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी १९३१ साली या अवस्थेचे वर्णन केले होते : प्रत्येकाला मनातून नको असते आणि प्रत्येकाला वाटते की बाकीच्यांना हवे आहे. त्या अंगणात पहिला शब्द कोणी काढायचा हा प्रश्न असतो. दुःखाच्या प्रसंगी तो कोणीच काढत नाही.

कायद्याने हे सुटत नाही याचा दाखला जुना आहे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला. तरी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले तेव्हा त्यांच्या गावाने, मुरूडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. केशवपनाच्या रूढीवर घाव बसला तो वेगळ्या ठिकाणी. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. रूढी चालवणारे हातच एकत्र येऊन थांबले.

करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या पहिल्या लाटेत एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी हा प्रकार जवळून पाहिला. त्यांनी व्याख्यानांवर भर दिला नाही. माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर या प्रथांची सक्ती करू नये, असे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून त्यांनी ते तहसील कार्यालयात नोंदवले आणि इतर पुरुषांनाही तसे करायला सांगितले. हा उपाय मानसशास्त्राच्या कसोटीवर पक्का आहे. मत मनात राहिले की चारचौघांपुढे त्याचे वजन नसते. लिहून, सही करून, जाहीर केलेले मत पुढे त्या माणसालाही बांधते आणि कुटुंबालाही आधार देते. ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाला ‘त्यांनीच लिहून ठेवलंय’ हे उत्तर घरातल्या लेकीसुनांच्या हाती येते.

या मोहिमेच्या प्रेरणेने कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथाबंदीचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष होते. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे आवाहन ग्रामपंचायतींना केले. अशा ठरावामागे शिक्षा नसते, म्हणून त्याला कागदी म्हणणारे आहेत. त्यांनी कर्ट लेविन याचा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला प्रयोग पाहावा. काळीज, मूत्रपिंड असे नको असलेले मांस स्वयंपाकात वापरावे म्हणून अमेरिकी गृहिणींच्या काही गटांना व्याख्यान दिले, तर काहींना आपसांत चर्चा करून हात वर करायला सांगितले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी ते मांस वापरले, हात वर केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. माहिती दोन्ही गटांना मिळाली होती. दुसऱ्या गटातल्या बाईने शेजारणीचा वर गेलेला हातही पाहिला होता. ग्रामसभेत हेच घडते. ठरावाची खरी परीक्षा मात्र हळदीकुंकवात आणि लग्नघरात होते : ओटी भरायला कोणाला बोलावले, नवरीला ओवाळायला कोण पुढे आले. बांगड्या न फोडणे हा एका दिवसाचा निर्णय असतो, वर्षभर निमंत्रण देणे ही सवय असते, आणि सवयीला वेळ लागतो.

मे १९३०. समूहात माणूस विवेक गमावतो, हे ग्युस्ताव्ह ल बाँ याचे १८९५ सालचे मत पोलीस आणि वर्तमानपत्रे आजही गृहीत धरतात. सोलापूरचा अनुभव त्याला पुरता जुळत नाही. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी शहरात शिंदीच्या झाडांची तोड, गोळीबार आणि जाळपोळ झाली, पोलीस मारले गेले. पण जमावाचा रोख दारूवर आणि सरकारी ठाण्यांवर होता. इंग्रजी अंमल उठलेल्या पुढच्या दिवसांत स्वयंसेवकांनीच शहराची व्यवस्था पाहिली. समूहात माणसाची ओळख पुसली जात नाही, ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ येतो, हे स्टीफन रायशर आदींचे अलीकडचे म्हणणे येथे अधिक लागू पडते. १२ मे ते ३० जून शहरात मार्शल लॉ होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. वेगवेगळ्या समाजांतल्या या चौघांची नावे सोलापूर आजही एका दमात घेते.

सेटलमेंट. पाहणाऱ्याची अभिवृत्ती पाहिल्या जाणाऱ्याचे आयुष्य कसे घडवते, याचे कठोर उदाहरणही याच शहरात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात तो लागू झाल्यावर सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, भामटा आदी जमातींची कुटुंबे तिथे ठेवली गेली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही आणि दिवसा गिरणीत राबायचे, असा तिथला क्रम होता. रॉबर्ट मर्टन याने १९४८ साली स्वतःलाच खरे ठरवणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली. चोर समजून काम नाकारायचे, काम नाही म्हणून भटकणाऱ्याला पकडायचे आणि पकडला म्हणून चोर ठरवायचे, हे चक्र तिच्याआधी कित्येक दशके इथे फिरत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि नजर तिकडेच राहिली. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली भटक्या-विमुक्तांच्या स्थितीचा अहवाल केंद्र सरकारला दिला. जवळपास चोरी झाली की पहिला संशय आपल्याच वस्तीवर येतो, ही तक्रार विमुक्तांच्या संघटना अजूनही मांडत आहेत.