वही कुणाच्या घरी?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गावच्या बाजारपेठेतून एक फेरी मारावी. कापसाच्या अडत्यापासून किराणा दुकानदारापर्यंत प्रत्येकाच्या पाटावर नवी लाल वही मांडलेली दिसते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, वर झेंडूचे फूल. पैशाबरोबर वहीचीही पूजा होते, आणि त्यात व्यवहार आहे. गेलेला पैसा पुन्हा मिळवता येतो. वही गेली तर कुणाकडून काय येणे आहे हेच कळेनासे होते. म्हणून जुना व्यापारी आपली वही दुसऱ्याच्या घरी कधी ठेवीत नसे.

आम्ही मात्र ठेवली. आमचे वाचनालय लहान; अनुदान उशिरा येते आणि वर्गणी त्याहून उशिरा. काही वर्षांपूर्वी पुस्तकांची यादी, वर्गणीदारांची खाती आणि सभेची इतिवृत्ते आम्ही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चढवली. ते सारे दूरच्या शहरातील तिच्या संगणकांवर राहत असे. आम्ही फक्त वार्षिक भाडे भरायचे. एका वर्षी भाडे एकदम वाढले, आम्हाला ते झेपले नाही आणि दार बंद झाले. पुस्तकांची यादी ग्रंथपालबाईंनी कपाटातील जुन्या दाखल रजिस्टरावरून पुन्हा लिहून काढली. वर्गणीदारांची खाती मात्र गेली ती गेलीच.

यवतमाळच्या माणसाला या गोष्टीचे नवल वाटू नये. आपली शकुंतला आठवा! वऱ्हाडातील कापूस बाहेर नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूर असा अडीच फुटी अरुंद लोहमार्ग घातला. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारच्या झाल्या, पण या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी भारतीय रेल्वे चालवी, उतारू आपले, माल आपला. रूळ तेवढे परक्याचे. १९९४ साली वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, तरी खालचे रूळ जीर्णच होत गेले आणि अखेर गाडी थांबली. रूळ ज्याचे नाहीत, त्याने वेळापत्रक कितीही सुंदर छापले तरी काय उपयोग?

हा केवळ गरिबांचा प्रश्न आहे असेही नाही. मुंबईत कचेरी आणि गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीवर युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली. भाडे भरलेले असूनही स्वतःचीच पत्रे आणि कागद कंपनीला दिसेनात. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर सेवा परत सुरू झाली. आमच्या वाचनालयाने कोणत्या न्यायालयात जावे?

यावरचा उपाय एका वाचनालयानेच शोधला होता, हे वाचून मला फार आनंद झाला. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा ग्रामीण भाग आहे. तेथील ग्रंथालय न्यासाचे जुने सॉफ्टवेअर २००० साल उजाडताच तारखांच्या घोटाळ्यात सापडणार होते. नवे विकत घेण्याऐवजी न्यासाने १९९९ साली वेलिंग्टनच्या कॅटिपो या छोट्या कंपनीकडून स्वतःचे करवून घेतले. जानेवारी २००० मध्ये ते चालू झाले. मग न्यासाने ते कुलूपबंद न करता जगाला खुले केले. त्यासाठी रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाच्या चळवळीने घडवलेला परवाना वापरला. १९८३ पासून त्यांचा आग्रह असा की, आज्ञावली वापरणाऱ्याला ती वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क असावा. सॉफ्टवेअरचे नाव ठेवले ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण घेणाऱ्यानेही कधी तरी परत द्यावी अशी भेट. आपल्याकडचा आहेरच म्हणा ना! पुढे एका अमेरिकी कंपनीने न्यूझीलंडात कोहा या नावावरच हक्क सांगितला, तेव्हा २०११ मध्ये न्यासाने हरकत घेतली आणि परदेशांतील लोकांनीही त्यासाठी देणग्या धाडल्या. नावाचा वाद झाला. आज्ञावली मात्र कुणालाच हिरावून नेता येत नव्हती.

असेच दुसरे उदाहरण नेक्स्टक्लाऊडचे. कागद, दिनदर्शिका आणि निरोप मंडळींनी मिळून वापरावेत यासाठी ते आहे. जर्मनीतील फ्रँक कार्लिचेक यांनी आधी ओनक्लाऊड सुरू केले होते. तिथून बाहेर पडल्यावर, आज्ञावली खुली असल्यामुळे, तीच घेऊन २०१६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह हे नवे घर थाटले. मुंबईत घडलेले ईआरपीनेक्स्टही खुलेच आहे आणि ते कारखान्याचा सारा कारभार सांभाळते.

आमच्या कार्यकारिणीत निवड झाली ती अशी. पुस्तकांसाठी कोहा, कागदांसाठी नेक्स्टक्लाऊड. ईआरपीनेक्स्ट चांगले; पण आमच्या अंगाला तो अंगरखा फार मोठा, म्हणून जमाखर्च कागदी किर्दीतच ठेवला. संगणक वाचनालयाच्या खोलीतच बसवायचा ठरला. मांडणी करणारा गावातलाच इंजिनिअरिंगचा विद्यार्थी उत्साहाने म्हणाला, “काका, आता वही आपल्याच घरी!”

खजिनदारकाकांनी चष्मा काढला. “ते ठीक हाये बाबू, पण तू पुण्याले नोकरीले गेल्यावर हे कोन पाहीन?”

सभा गप्प झाली. खरा प्रश्न तोच होता. भाड्याच्या घरात छप्पर गळले तर मालकाला बोलावता येते. स्वतःच्या घरात शिडी आपणच लावायची. त्या रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही नियम लिहिले. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर घ्यायचा. काम एकट्या मुलाने न करता बाईंना आणि आणखी एका शिक्षकाला शिकवायचे. पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कपाटात ठेवायचा. दर शनिवारी सर्व नोंदींच्या दोन प्रती काढायच्या, एक वाचनालयात आणि एक काकांच्या घरी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची. न उघडणारी प्रत ही बुडालेल्या पेढीच्या हुंडीसारखी. आणि दाखल रजिस्टर शाईने लिहिणे सोडायचे नाही.

मुलगा खरोखरच पुण्याला गेला. पावसाळ्यात एकदा संगणक बिघडला आणि बाईंनी प्रतीवरून दोन दिवसांत सारे पूर्ववत केले. त्या पावसाळी दिवसांत एकही वर्गणीदार हिशेबावाचून परत गेला नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाला काकांनी आपल्या पाटावर नव्या किर्दीशेजारी ती प्रतीची डबीही ठेवली आहे. कुंकू लावताना बोट मात्र जरा जपून टेकवले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “गुरुजी, या महिन्याची उघडून पाहिली ना?”