खंडी, रूळ आणि यंत्रांची भाषा

आजचा विषय नावानेच घाबरवणारा आहे. कारखान्यातली स्वयंचलित यंत्रं एकमेकांना माहिती कशी देतात, हा तो विषय. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं, मध्ये माणूस न घालता, एकमेकांचं बोलणं समजू शकतात का? याला शास्त्रात जडजंबाल शब्द आहेत. आपण त्याला साधं ‘मेळ’ म्हणू. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. यंत्रं दुरुस्त करणं हे आमचं काम नव्हे. पण मेळ नसला की काय होतं, हे आपल्या वऱ्हाडाने दीडशे वर्षं भोगलेलं आहे. म्हणून इतिहासाच्या वाटेनेच जाऊ.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्टेशनं याच मार्गावरची. रूळ ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटर अंतराचे. पुढे यवतमाळ आणि अचलपूरहून मूर्तिजापूरला येणारी आपली शकुंतला सुरू झाली, ती ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजवर. आणि अकोल्याला पूर्णा-खांडवा मार्गाचं मीटरगेज आलं, १,००० मिलिमीटरचं. म्हणजे एकट्या अकोला जिल्ह्यात तीन मापांचे रूळ!

आता यवतमाळची गाठ मुंबईला जायची असली, तर मूर्तिजापूरला एका डब्यातून उतरवायची आणि दुसऱ्यात चढवायची. रूळ दोन्हीकडे, इंजिन दोन्हीकडे, पण मेळ नाही. तो मेळ कोण घालत होतं? हमालाची पाठ. त्या चढउताराचा वेळ आणि मजुरी शेवटी कापसाच्या भावातूनच वजा व्हायची. देशभर एकच गेज करायचं धोरण रेल्वेने घेतलं १९९२ मध्ये.

पण रूळ एक झाले म्हणजे मेळ बसला का? इथे आपल्याला एक पायरी खाली उतरावं लागेल. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो. जिनमध्ये त्याची सरकी वेगळी होते, रुई वेगळी. रुईचा व्यापारी भाव बोलतो खंडीचा. ही खंडी म्हणजे ७८४ पौंड, आजचे ३५६ किलो. गिरणी हिशोब करते १७० किलोच्या गाठीचा. आणि धान्याच्या बाजारात खंडी म्हणजे वीस मण. तो मण तरी गावोगावी कुठे सारखा होता? शब्द एकच, अर्थ निराळे. नैयायिक सांगून गेले आहेत की शब्दाचा अर्थ संकेताने ठरतो. दोघांचा संकेत एक नसेल, तर शब्द ऐकू येतो, पण अर्थ पोचत नाही.

हा संकेत ठरवण्याचा प्रयत्न वऱ्हाडात लवकर झाला. कारंजाला १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. बाजारासाठी समिती आली, नियम आले. देशातल्या बाजार समित्यांची ही सुरुवात मानली जाते. फार मोठं काम झालं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत. त्या समितीत व्यापारी होते. कापूस पिकवणारा नव्हता.

आता यंत्रांकडे या. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने मॉडबस नावाची पद्धत आणली. एका यंत्राने दुसऱ्याला आकडा पाठवायची ही साधी, खुली रीत. म्हणून जगभर पसरली. पण मॉडबस फक्त आकडा पोचवतं. अमुक नंबरच्या खणात ८५ आहे, एवढंच कळतं. हे ८५ अंश तापमान की साडेआठ टक्के ओलावा, ते वेगळ्या कागदावर पाहायचं! पुढे कंपन्यांनी आपापल्या पद्धती काढल्या. सगळ्यांसाठी एकच मानक करू, म्हणून आंतरराष्ट्रीय समित्या वर्षानुवर्षं बसल्या. २००० च्या सुमारास आयईसी ६११५८ हे मानक पक्कं झालं, तेव्हा त्यात आठ प्रकार होते. एक रूळ टाकायला बसले, आठ टाकून उठले. अलीकडच्या ओपीसी यूए या पद्धतीत मात्र आकड्याबरोबर त्याचं नाव, एकक आणि प्रकारही पाठवता येतो. म्हणजे निदान अर्थ लिहायला जागा झाली.

त्या जागेत काय लिहायचं, ते कोण ठरवणार? २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानापासून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने नवे होऊ लागले. समजा, जिनमधल्या यंत्राने लिहिलं, ‘ओलावा ८.५’. हा ओलावा एकूण वजनाच्या प्रमाणात की कोरड्या रुईच्या प्रमाणात? वस्त्रोद्योगात रुईचा मान्य ओलावा साडेआठ टक्के धरतात, तो कोरड्या वजनावर. एकूण वजनावर तोच ओलावा भरतो सुमारे ७.८ टक्के. एकाने एक अर्थ घेतला आणि दुसऱ्याने दुसरा, तर १७० किलोच्या गाठीत सुमारे १.१३ किलो कोरड्या रुईचा फरक पडतो. शंभर गाठींना ११३ किलो. यंत्र बिघडलेलं नाही, तार तुटलेली नाही, आकडा बिनचूक पोचला आहे. तरी कोणाच्या तरी खिशातून ११३ किलो रुई गेली.

आणि ओलावा म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर बारापर्यंत कपात, त्याच्याही वर गेला तर गाडी परत. आज तो आकडा हातातल्या मीटरवर निदान डोळ्यांसमोर दिसतो, त्यावर भांडता येतं. उद्या हाच आकडा काट्यापासून बिलापर्यंत यंत्रायंत्रांतच फिरला, तर भांडायचं कोणाशी?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे. यंत्रांचा मेळ हा फक्त अभियंत्यांचा विषय नाही. तार कोणती आणि जोडणी कशी, हे त्यांनी खुशाल ठरवावं. पण ‘ओलावा’, ‘वजन’, ‘प्रत’ या शब्दांचे अर्थ ठरतात त्या बैठकीत अकोला-अमरावतीचे लहान जिनवाले असले पाहिजेत, आणि कापूस पिकवणाराही असला पाहिजे. १८९७ मध्ये त्याची खुर्ची रिकामी राहिली. या खेपेला अजून वेळ गेलेली नाही. तुमच्यापैकी कोणी नवी यंत्रं घेत असेल, तर किमतीआधी एक गोष्ट विक्रेत्याकडून लेखी घ्या: हे यंत्र जो आकडा बाहेर पाठवतं, त्याचा अर्थ कुठे लिहिला आहे, आणि तो आम्हाला वाचायला मिळेल का?