ब्रह्मदेशचा तांदूळ आणि महायुद्धाची कलाटणी

दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी कुठे मिळाली, असं कुणाला विचारलं तर शाळेच्या पुस्तकातली नावं पुढे येतात. रशियातलं स्टालिनग्राड, आफ्रिकेतलं एल अलामीन, प्रशांत महासागरातलं मिडवे. ती बरोबरच आहेत. पण आज आम्ही ज्या कलाटणीबद्दल बोलणार आहोत ती थेट आपल्या चुलीपर्यंत आली होती. आपल्या पेटीत जपून ठेवलेलं रेशनकार्ड त्याच युद्धातून आलेलं आहे.

युद्ध सुरू झालं सप्टेंबर १९३९ मध्ये. पुणे तेव्हाही लष्कराचं शहर. छावणी होती, १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना होता. कारखान्यात माणसं लागली, मराठा पलटणीत पोरं भरती झाली, घरी मनीऑर्डर येऊ लागल्या. पण लढाई लांब होती. पहिली दोन वर्षं ती वर्तमानपत्रातच राहिली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि सगळं जवळ आलं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. ८ मार्चला ब्रह्मदेशातलं रंगून जपान्यांच्या हाती गेलं. आता रंगूनचा आणि आपला काय संबंध? तर संबंध तांदळाचा. तिथून दरसाल दहा लाख टनांहून जास्त तांदूळ हिंदुस्थानात येत असे. देशातल्या एकूण पिकाच्या मानाने हा वाटा लहान. पण तो बंदरांवर उतरायचा आणि मुंबईसारख्या शहरांना, कोकणासारख्या भातखाऊ पण पीक न पुरणाऱ्या भागांना आधार द्यायचा. तो एकदम थांबला. बाजारात एक माल तुटला की दुसऱ्यालाही भाव चढतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तांदूळ गेला तसा गहू चढला, ज्वारी-बाजरी चढली. ज्याच्याकडे साठा होता त्याने तो दाबून ठेवला.

पुढच्या वर्षी बंगालमध्ये काय झालं ते सगळ्यांनी ऐकलं असेल. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनेच किनाऱ्यावरच्या लोकांच्या होड्या काढून घेतल्या, मोडल्या. मग ऑक्टोबर १९४२ चं वादळ आलं. तांदूळ मिळत होता तो गरिबाच्या हाताबाहेरच्या भावात. १९४३ च्या त्या दुष्काळात आणि पाठोपाठच्या रोगराईत तीस लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. शेतमजूर, कोळी, हातावर पोट असलेली माणसं त्यांत जास्त होती.

आपल्या मुंबई इलाख्यातही टंचाई होती, विजापूर जिल्ह्यात तर दुष्काळच पडला होता. पण बंगालसारखे ढीग इथे पडले नाहीत. याचं एक मोठं कारण म्हणजे मे १९४३ मध्ये मुंबई शहरात रेशन सुरू झालं. माणशी ठरलेलं धान्य, ठरलेल्या दुकानात, ठरलेल्या भावात. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या धान्य समितीनेही सांगितलं, की लाखाच्या वर वस्ती असलेल्या शहरांना रेशन द्या. जन्मभर भात खाल्लेल्या घरांच्या पिशवीत ज्वारी, बाजरी, गहू पडू लागला. कुरकुर झाली असणार, पण पोटात काहीतरी पडत होतं.

इथे एक गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. शहराच्या रेशनला धान्य आलं कुठून? खेड्यातून. शेतकऱ्याकडून सक्तीने ठरलेल्या भावात धान्य घेतलं गेलं, त्याला लेव्ही म्हणत. म्हणजे रंगून पडल्याचा भार मुंबईच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईवर पडला, तसा कणगीतून माप काढून देणाऱ्या बाईवरही पडला. कार्ड मिळालं ते पहिलीला.

युद्ध पैशातही शिरलं. तांब्याची गरज लढाईला, म्हणून १९४३ पासून टांकसाळीतून मधे मोठं भोक असलेला पैसा निघू लागला. तेवढंच तांबं वाचलं. आपल्याकडे बऱ्याच घरांत हा भोकाचा पैसा अजून सापडतो.

आता कुणी म्हणेल, हे युद्ध मग आपलं होतं की इंग्रजांचं? याचं सरळ उत्तर नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. आठवड्याच्या आत तिथेच महादेवभाई देसाई वारले. २४ जानेवारी १९४३ ला पुण्याच्या छावणीतल्या कॅपिटॉल थिएटरात बॉम्ब फुटला, गोरे सैनिक मेले. त्या कटातले भास्कर कर्णिक लष्कराच्याच दारूगोळा भांडारात नोकरीला होते. पकडल्यावर फरासखान्यात त्यांनी विष घेतलं. एकाच शहरात एका घरचा मुलगा गोऱ्या साहेबाच्या फौजेत आणि दुसऱ्या घरचा त्याच साहेबाविरुद्ध. सिंगापूरला कैद झालेल्या हिंदी सैनिकांतले हजारो जण तर आझाद हिंद सेनेत गेले, जपान्यांच्या बाजूने लढले. दोन्हीकडच्या आया वाटच पाहत होत्या.

२२ फेब्रुवारी १९४४ ला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, २२ मार्चला, मणिपूरच्या डोंगरात सांगशाक नावाच्या नागा खेड्याजवळ मोठी लढाई सुरू झाली. जपान्यांना इंफाळ घ्यायचं होतं आणि उत्तरेला कोहिमाची वाट तोडायची होती. जपानी सेनापती मुतागुची याचा हिशेब असा, की शिपायांनी सुमारे तीन आठवड्यांचा शिधा बरोबर न्यावा आणि पुढचं जेवण इंफाळच्या ब्रिटिश कोठारातून मिळवावं. सोबत गुरं हाकली होती, सामान वाहायला आणि लागलं तर खायला. त्यांतली कितीतरी चिंदविन नदीत आणि डोंगरातच संपली.

सांगशाकच्या टेकडीवर पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्या जोडीला पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातली, कोकणातली माणसं. जमीन खडकाळ, खंदक धड खोल खणता येईनात. काटेरी तारा नव्हत्या. पाणी इतकं कमी, की तेही मोजून द्यावं लागलं. विमानातून टाकलेलं बरंच सामान शत्रूच्याच बाजूला पडलं. तरी २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांनी टेकडी सोडली नाही. पलटणीचं फार नुकसान झालं. पण ते पाच दिवस जपानी तिथे अडकले आणि तेवढ्यात इंफाळ-कोहिमाकडे विमानांनी नवी फौज येऊ लागली होती.

४ एप्रिलला कोहिमाला वेढा पडला. इंफाळची वाट तुटली, पण तिथल्या दीड लाखाच्या आसपास सैन्याला धान्य आणि औषधं विमानांनी मिळत राहिली. जपान्यांना मात्र काही मिळेना. शेवटी त्यांचा एक सेनापती सातो वरिष्ठांचा हुकूम मोडून मागे फिरला, कारण शिधा पाठवण्याचं वचन पाळलं गेलं नव्हतं. २२ जूनला इंफाळची वाट मोकळी झाली. जपान्यांचे पन्नास हजारांहून जास्त सैनिक मेले किंवा जायबंदी झाले. गोळीपेक्षा भुकेने, मलेरियाने आणि हगवणीने जास्त मेले. २०१३ मध्ये लंडनच्या लष्करी संग्रहालयाने ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती याचा कौल घेतला, त्यात इंफाळ-कोहिमा पहिली आली. लढणाऱ्यांत हिंदी शिपाई किती होते, हे तिकडच्या किती लोकांना ठाऊक असेल कोण जाणे.

तिथून ब्रिटिश-हिंदी फौज पुढे सरकत गेली आणि मे १९४५ च्या सुरुवातीला रंगून परत घेतलं. तांदूळ मात्र लगेच परत आला नाही, आणि रेशनकार्डही गेलं नाही.

कोहिमाच्या लष्करी स्मशानभूमीत गोऱ्या सैनिकांची थडगी ओळीने आहेत. हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला गेला, त्यामुळे त्यांची थडगी नाहीत. त्यांची ९१७ नावं तिथे एका वेगळ्या स्मारकावर कोरलेली आहेत. तुमच्या गावात कुणाच्या घरी त्या काळातलं पदक, पेन्शनचा कागद, पलटणीचा बिल्ला किंवा भोकाचा पैसा असेल, तर गटाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. आणि तो शिपाई लढाईवर असताना घरची शेती कोणी केली, लेव्हीचं माप कोणी दिलं, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला आधी विचारून या.