जून महिना, वर्गातली जागा आणि सातारा–सांगलीच्या शाळा

आपल्याकडे प्राथमिक शिक्षणाचा इतिहास लिहिला जातो तो संस्थांचा आणि संस्थापकांचा. शाळा कोणी काढली, जागा कोणी दिली, देणगी कोणी दिली, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, एवढे सांगितले की लेखकाचे काम संपते. शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मास्तरने मुलांना कुठे बसवले, कोणाकडून काय काम करून घेतले, पाणी कोणी प्यायचे आणि कोणी पाजायचे, याची नोंद कोणी करत नाही. माझ्या मते दलित मुलाच्या दृष्टीने शाळेचा खरा इतिहास या पहिल्या आठवड्यात घडतो. पुढची सात-आठ वर्षे त्या आठवड्याचीच पुनरावृत्ती असते.

हल्ली 'उपक्रम' हा शब्द प्राथमिक शिक्षकांच्या तोंडी फार बसला आहे. जून उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळांतून प्रवेशोत्सव होतो. नव्या मुलांना बैलगाडीतून मिरवत आणतात, हातात गुलाबाचे फूल देतात, रंगात पाय बुडवून कागदावर ठसे घेतात. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावेही सुरू झाले. हे सारे चांगलेच आहे. माझी तक्रार नाही. परंतु उपक्रम म्हणजे काहीतरी नवे, कालपरवा प्रशिक्षणातून आलेले, असे जे मानले जाते ते खरे नाही. वर्गाची मांडणी हा सर्वांत जुना उपक्रम आहे आणि तो प्रत्येक मास्तर दरवर्षी न चुकता पार पाडत आला आहे.

या उपक्रमाचा आपल्या परिसरातला सर्वांत प्रसिद्ध पुरावा साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झाले. रजिस्टरातला अनुक्रमांक १९१४. आज त्या नोंदीचे फोटो आपण घरोघर लावतो आणि ते योग्यच आहे. पण रजिस्टरात नाव लागणे आणि वर्गात जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत (ती पुस्तकरूपाने १९९० साली आली) आपल्या शाळेची जी हकिकत सांगितली आहे ती शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचली पाहिजे. त्यांनी वर्गात वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसायचे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे; म्हणून संध्याकाळी तो घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. इतर मुलांना तहान लागली तर मास्तरांची परवानगी पुरे होती, ती नळापाशी जाऊन तोटी सोडत. यांना मास्तरांची परवानगी पुरत नसे. तोटी सोडायला शिपाई लागे. शिपाई नाही तर पाणी नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या शाळेत कोणी त्यांना मारून हाकलले नव्हते. सरकारी शाळा होती, कायद्याने प्रवेश होता. भिवाला पाठ्यपुस्तकातले जे शिकवले तेच बाकीच्यांनाही शिकवले. पण गोणपाट, तोटी आणि शिपाई यांच्याद्वारे दुसरा एक अभ्यासक्रम रोज शिकवला जात होता आणि तो सवर्ण मुलेही तितक्याच मन लावून शिकत होती. अस्पृश्यतेचा धडा केवळ अस्पृश्य मुलाला मिळतो असे समजणे भाबडेपणाचे आहे. वर्गातल्या बाकी सर्वांना तो मिळतो, आणि मोठेपणी हीच मुले मामलेदार, फौजदार, मास्तर होतात.

हे दुखणे जोतीरावांनी अगोदरच सरकारच्या कानावर घातले होते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले की महार-मांगांच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू दिले जात नाही, म्हणून ती प्रत्यक्षात शाळेबाहेरच आहेत. जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे आणि सावित्रीबाई नायगावच्या, म्हणून हा वारसा आपण अभिमानाने आपला म्हणतो. पण त्या निवेदनातला प्राथमिक शिक्षकासंबंधीचा भाग आपले लोक फारसा वाचत नाहीत. मास्तर शेतकरी वर्गातून यावेत, त्यांनी लोकांत मिसळावे, आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये, अशी त्यांची मागणी होती. मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि जमेल तिथे नमुन्याची लहान शेती असावी, असेही त्यांनी सुचवले. पगार बारा रुपयांहून कमी नसावा हेही सांगायला ते विसरले नाहीत. उपाशी मास्तराकडून उपक्रम होत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते!

हाताने करायच्या कामाची ही कल्पना पुढे दोन वाटांनी गेली. एक वाट वर्ध्याची. १९३७ च्या परिषदेनंतर 'नयी तालीम' आली आणि मुंबई इलाख्यातल्या शाळांतून टकळी फिरू लागली. दुसरी वाट आपल्या मातीतली, भाऊराव पाटलांची. या दोहोंना आपण सरसकट 'श्रमप्रतिष्ठा' म्हणून एकाच खुंटीवर टांगतो. मला त्यांत फरक दिसतो. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या मेलेली ढोरे ओढण्यात, दोर वळण्यात, टोपल्या विणण्यात गेल्या, त्यांच्या मुलाला शाळेत हस्तव्यवसाय शिकवण्यात नवे काय? त्याला हवी होती पाटी. श्रम हा शिक्षणाचा भाग तेव्हाच होतो, जेव्हा ज्यांच्या घराण्याने कधी केला नाही त्यांच्याही वाट्याला तो येतो. भाऊरावांच्या वसतिगृहाचे महत्त्व यात आहे. तिथे मराठ्याचा मुलगाही भाकऱ्या थापत होता आणि महाराचाही. जेवायला दोघे एका पंगतीत होते.

भाऊरावांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९१० च्या सुमारास दुधगाव येथे सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढण्याच्या खटपटीत ते होते. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली ती साताऱ्याला आली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते तिथल्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. शाहू महाराजांनी १९१९ मध्येच करवीर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला होता. एका दऱ्याखोऱ्यांच्या टापूत, दहा-पंधरा वर्षांच्या अवधीत, वर्गातली जागा हा प्रश्न किती जणांच्या डोक्यात घोळत होता ते यावरून दिसते.

भाऊरावांच्या चरित्रांत एक हकिकत सांगितली जाते. इस्लामपूरला एक महाराचा पोर त्यांना शाळेच्या बाहेर बसलेला दिसला. आत का बसत नाहीस म्हणून विचारले, तर आत बसण्याची परवानगी नव्हती. त्यांनी त्याला उचलले आणि कोल्हापूरला मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन ठेवले. हा पोर म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. चरित्रकार ही गोष्ट भाऊरावांचे थोरपण दाखवण्यासाठी सांगतात आणि तिथेच थांबतात. मला ती घोलपांच्या बाजूने वाचावीशी वाटते. १९२० च्या जुलैत बाबासाहेब लंडनला गेले, त्यानंतर 'मूकनायक' ज्यांनी चालवला ते हेच घोलप. पुढे ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले. ज्याला वर्गाच्या उंबऱ्याआत घेतले नाही त्याने आपल्या समाजाचे पत्र हाताळले. बाहेर बसून त्याने किती शिकून घेतले असेल आणि आत बसू दिले असते तर आणखी किती, याचा हिशेब कोणत्याही शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात सापडणार नाही.

आणि असे किती घोलप बाहेरच राहिले? वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले, हे आपण भाषणांत कौतुकाने सांगतो. दीड दिवस शाळा शिकून एवढे साहित्य लिहिले, असे म्हणून टाळ्या घेतो. या टाळ्या मला खटकतात. दीड दिवस हा त्यांच्या प्रतिभेचा पुरावा म्हणून वापरला जातो. प्रत्यक्षात तो शाळेविरुद्धचा पुरावा आहे. आटपाडीचे शंकरराव खरात टिकले, कुलगुरू झाले आणि त्यांनी 'तराळ अंतराळ' लिहिले. फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने गाढवाच्या पाठीवरच्या संसारातून शाळेत आले आणि १९८० साली 'उपरा' घेऊन उभे राहिले. मराठी समीक्षकांनी या आत्मकथनांतली भूक पाहिली, भाषा पाहिली. प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात मात्र ती पाठ्यपुस्तके म्हणून लागायला हवी होती.

१९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. १९३८ पासून जिथे सरकारची शाळा पोचली नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर त्यांच्या व्हॉलंटरी शाळा निघाल्या. त्यांची संख्या पुढे पाचशेंच्या वर गेली. एकशिक्षकी शाळा. मास्तर गावातच राहायचा. इमारत नाही, म्हणून शाळा कुणाच्या ओसरीवर, चावडीत किंवा देवळात. देवळात शाळा म्हटली की आपल्या वाचकाच्या मनात प्रश्न येईलच: मग महारवाड्यातली पोरे कुठे बसायची? अनेक गावांत ती पायरीखाली बसली, हे आपल्या घरोघरची म्हातारी माणसे सांगत आली आहेत. जिथे मास्तर खमक्या होता तिथे त्याने शाळाच देवळातून उठवून झाडाखाली नेली. झाडाला सोवळे नसते. अशा मास्तरांची नावे इतिहासात नाहीत. त्यांनी वर्षारंभी केलेला तो एकच उपक्रम होता. त्याला साहित्य लागले नाही, खर्च लागला नाही, नोकरी मात्र पणाला लागली असणार.

आता माझ्या पिढीचे सांगतो. मी पहिलीत गेलो तेव्हा गोणपाट नव्हते. माझे आई-वडील दोघेही दुसऱ्याच्या रानात राबणारे, अक्षरशत्रू. त्यांना वाटले, पोरगे शाळेत गेले म्हणजे सुटले. माझ्या शाळेत जूनच्या पहिल्या आठवड्यात गट पडत. एक गट वर्गसजावटीचा: रंगीत कागद, तक्ते, पताका. एक गट फुलझाडांचा. एक गट सफाईचा. या गटांची नावे थोर पुरुषांची असत. आमच्या वस्तीतली आम्ही सहा पोरे सहाही वर्षे सफाईच्या गटात होतो आणि आमच्या गटाला महात्म्याचे नाव होते. त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे म्हणून वर्गात उभे करून नावे घेतली जात. सवलत आमचीच होती, पैसाही हक्काचा होता. पण ज्या मुलांना अजून एकमेकांची नावे माहीत नव्हती त्यांना आमची जात आधी कळे. त्या गुरुजींना कोणी दुष्ट म्हणणार नाही. ते पाठ उत्तम घेत.

भाषेचेही असेच. मूल घरून 'पानी' घेऊन येते आणि शाळेत पहिल्याच दिवशी त्याला 'पाणी' म्हणायला लावतात. 'पाणी' शिकवू नये असे मी म्हणत नाही. मी स्वतः मराठी शिकवतो. पण आजोबाला पाणी नाकारले आणि नातवाचे 'पानी' नाकारले, यांतले नाते मास्तरला दिसले पाहिजे. फलटणला हे एका परदेशातून आलेल्या बाईंना दिसले. मॅक्सीन बर्नसन भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी १९६६ साली फलटणला आल्या. फलटणच्या बोलीत जातवर्गानुसार काय फरक पडतो हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. प्रबंध झाला, तरी बाई गेल्या नाहीत. मंगळवार पेठेतल्या दलित मुलांना वाचता येत नाही, ती शाळेतून गळतात, हे पाहून त्या त्यांना शिकवत राहिल्या. त्यातून पुढे प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे राहिले. त्यांच्या पद्धतीत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतची घोकंपट्टी आधी येत नाही. थोडी अक्षरे आणि थोड्या स्वरचिन्हांतून मुलाला लगेच अर्थाचा शब्द वाचता येतो, आणि मुलाला आपल्या बोलीत बोलू दिले जाते. ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याला सहा महिने नुसती वर्णमाला म्हणायला लावणे म्हणजे त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणेच आहे, हे ज्यांनी गळती जवळून पाहिली त्यांना पटेल.

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटाचे नाव वाचकांनी ऐकले असेल. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांनी २०१२ च्या सुमारास बाकेच बाजूला सारली. फरशीवर रंगाने आखणी केली, मुले गटागटाने जमिनीवर बसली, चिंचोके, खडे, बाटल्यांची बुचे मोजून गणित करू लागली. राज्यभरातून शिक्षक पाहायला आले आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाला त्यातून चालना मिळाली. मला यात शिक्षणशास्त्राइतकीच एक साधी गोष्ट मोलाची वाटते. वर्तुळाला मागचे बाक नसते. मात्र हा प्रयोग इतरत्र नेताना रंगवलेली फरशी तेवढी नेली गेली. गटात कोण कोणाशेजारी बसतो, हा प्रश्न प्रशिक्षणाच्या कागदांत कुठे येत नाही.

आणि आता नवीन संकट. २०२३ साली शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांतले डोंगर ज्याने पाहिले आहेत त्याला वीसपेक्षा कमी पट म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. व्हॉलंटरी शाळा ज्या वाड्यांसाठी निघाल्या त्याच या वाड्या. ज्यांना परवडते त्यांनी मुले इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवली; पटावर उरली ती शेतमजुरांची, धनगरांची, आपल्या वस्तीतली आणि साखर कारखान्याच्या हंगामात आईबापांमागे फिरणारी मुले. पट कमी आहे तो त्यांच्यामुळे नव्हे, सोडून गेलेल्यांमुळे. शाळा बंद होणार ती मात्र उरलेल्यांची. मोठ्या शाळेत मोठे मैदान आणि संगणक मिळेल असे सांगतात. मिळेलही. पण आठ वर्षांची मुलगी पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथे कशी पोचणार, आणि पोचली तर अनोळखी गावातल्या वर्गात तिची जागा कोणती, हे विचारायला पालक सभेत तिचे आईबाप नसतील. त्या दिवशी त्यांची मजुरी असते.

आपले कार्यकर्ते वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतात, ते काढलेच पाहिजेत. पण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक दिवस वस्तीतल्या प्राथमिक शाळेत जाऊन नुसते दारात उभे राहावे. झाडू कोणाच्या हातात आहे, पाण्याचा पेला कोण कोणाला देतो, सजावटीच्या गटात कोण आहे, एवढे पाहावे आणि गुरुजींशी, बाईंशी निवांत बोलावे. त्यांतले बरेचसे आपल्यातलेच आहेत आता; पहिल्या पिढीचे शिकलेले, माझ्यासारखे. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी निबंधस्पर्धा होतात, भाषणे होतात, मलाही बोलावणी येतात. तोवर वर्ग सुरू होऊन पाच महिने झालेले असतात आणि कोण कुठे बसणार ते केव्हाच ठरून गेलेले असते.