प्रवीण ठिपसे: पंधरा वर्षांचा हिशेब

मंडळी, देहूरोडहून लोकल पकडली की तासाच्या आत आपण पुण्यात. त्या पुण्याचे अभिजित कुंटे २००० साली बुद्धिबळात ग्रँडमास्टर झाले. त्यांच्याआधी सबंध महाराष्ट्रात हा किताब एकाच माणसाकडे होता, मुंबईच्या प्रवीण ठिपसे यांच्याकडे. आज आपण त्यांची कारकीर्द बघू.

ठिपसे १९८२ मध्ये राष्ट्रीय विजेते झाले. असं विजेतेपद त्यांनी एकूण सात वेळा मिळवलं. १९८४ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. १९८५ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ते संयुक्त विजेते ठरले. आणि ग्रँडमास्टर? १९९७ मध्ये, आनंद आणि दिब्येंदू बारुआ यांच्यानंतर भारताचे तिसरे. म्हणजे पहिल्या राष्ट्रीय विजेतेपदानंतर पंधरा वर्षांनी!

हा उशीर कशाचा? ग्रँडमास्टर व्हायला २५०० रेटिंग लागतं आणि ‘नॉर्म’ लागतात. नॉर्म म्हणजे एखाद्या मोठ्या स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी. पण त्या स्पर्धेत परदेशी आणि किताबधारी प्रतिस्पर्धी पुरेसे हवेत. तशा स्पर्धा तेव्हा आपल्याकडे मोजक्याच व्हायच्या. बाहेर जायचं तर तिकिटाचा खर्च, वर परकीय चलनाची टंचाई. घरच्या मैदानात सगळ्यांना हरवलं तरी नॉर्म पदरात पडत नव्हता.

आता लाटव्हियाच्या रिगा शहराकडे बघा. तिथला मिखाईल ताल लहानपणी पायोनियर भवनातल्या बुद्धिबळ वर्गात शिकला. पुढे कोब्लेंत्स यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. १९५७ मध्ये, विसाव्या वर्षी, तो सोव्हिएत विजेता आणि ग्रँडमास्टर झाला. १९६० मध्ये बोट्विनिकला हरवून जगज्जेता. ताल अफाट प्रतिभेचा होता, यात वादच नाही. पण त्याला बलाढ्य प्रतिस्पर्धी शोधायला देशाबाहेर जावं लागलं नाही. ते सोव्हिएत स्पर्धेतच समोर बसायचे.

आपल्याकडेही चित्र पालटलं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि एकही नॉर्म हातात नसताना, त्या विजयाच्या जोरावर एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत समोर कोण? भारताचीच कोनेरू हंपी.

म्हणून आम्हाला वाटतं, ठिपसे यांच्या नावापुढचं १९९७ हे साल एकटं वाचू नये. त्याच्या शेजारी १९८२ ही लिहावं. मधली पंधरा वर्षं खेळाडू तयारच होता. त्याला गाठता येतील अशा स्पर्धा तयार व्हायच्या होत्या.