सारवण, शहाबादी आणि टाइल्स

मागच्या महिन्यात गटांच्या बैठकांमध्ये आम्ही सगळीकडे एकच प्रश्न विचारला. तुमच्या घरातली जमीन कशाची आहे आणि ती तुम्ही कशानं पुसता? प्रश्न साधा होता, पण बोलणं थांबेना. सासूच्या वेळची जमीन निघाली, आजेसासूच्या वेळची निघाली. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. ज्या जमिनीवर आपण बसतो, निजतो, भाकरी थापतो, जिच्यावर लेकरं रांगतात, तिलाही इतिहास आहे, आणि तो बराचसा बायांच्या हातानं घडलेला आहे. आज तोच सांगतो.

सुरुवात इनामगावापासून करू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं उत्खनन केलं. सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती मातीखालून वर आली. घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा आणि चोपून घट्ट केलेल्या मातीच्या जमिनी. त्यातली एक गोष्ट ऐकून आमच्या बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. त्या काळी लहान लेकरू दगावलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. वरची जमीन पुन्हा नीट करून संसार पुढं चालू. ती जमीन कोणी चोपली असेल, हे आमच्या बायांना वेगळं सांगावं लागलं नाही.

जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात, पांढरी आणि काळी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्ती. शेकडो वर्षं एकाच जागी मातीच्या भिंती पडतात, पुन्हा उभ्या राहतात, चुलीची राख सांडते, सारवणावर सारवण चढतं, आणि तिथली माती पांढुरकी होत जाते. जुन्या वस्त्या शोधणारे अभ्यासकही अशी पांढरीची टेकाडं बघतच जातात. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी रोज केलेली झाडलोट आणि सारवण गावाच्या नावातच बसलेलं आहे.

मातीची जमीन करायची कशी, हे आता गटातल्या साठीच्या पुढच्या बायांनाच नीट सांगता येतं, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो. आधी जागा खणून सारखी करायची. त्यावर मुरूम पसरायचा, वर चाळलेली माती. पाणी मारून एक रात्र मुरू द्यायचं. मग धुमसानं ठोकायचं आणि चोपण्यानं चोपायचं. ठोकताना आवाज बदलतो. आधी मऊ, भसभस. जमीन बसली की टणटणीत. एक आजी म्हणाल्या, कान देऊन चोपायचं असतं. भेगा पडल्या तर त्यात पातळ चिखल भरून पुन्हा चोपायचं. मग पहिलं सारवण.

सारवणाला शेण ताजंच लागतं. शिळं, वाळलेलं शेण धरत नाही. शेणात चाऱ्याचे बारीक तंतू असतात, ते मातीला बांधून ठेवतात, म्हणून धूळ उडत नाही आणि भेगा कमी पडतात. काला फार घट्ट झाला तर वाळल्यावर पोपडे निघतात; फार पातळ झाला तर जमीन उघडी पडते. भिंतीच्या कडेपासून सुरू करायचं आणि उलटं सरकत दाराकडे यायचं, म्हणजे शेवटी आपण बाहेर आणि ओली जमीन आत. हात एका दमात, अर्धगोलात फिरवायचा. ज्या बाईच्या सारवणात बोटांचे फराटे दिसतात तिला नवी समजायचं, अशी आमच्याकडची पारख. कोकणात आणि गोव्यात काळ्या सारवणाची आवड, त्यासाठी करवंटीचा कोळसा वाटून घालत. पुढं टॉर्च आल्या, तशी संपलेल्या सेलमधली काळी पूडही काही घरांत शेणात घालू लागले. जमीन चकचकीत काळी व्हायची, पण ती पूड अंगाला चांगली नाही. आजही कुठं कोणी करत असेल तर थांबवा.

हे सगळं ऐकताना गोड वाटतं. पण आम्हाला ते नुसतं गोड करून सांगायचं नाही. दर आठवड्याला, सणाला, पावसाळा संपल्यावर पुन्हा मुळापासून, असं हे काम. वाकून, उकिडवं बसून, गरोदरपणातही. आणि घराघरांत ते सारखं वाटलेलं नव्हतं. मोठ्या वाड्यांत ही कामं घरधनीण करत नसे. पेशवाईत कुणबिणी ठेवलेल्या असत, म्हणजे विकत घेतलेल्या, राबवलेल्या बाया. झाडलोट, सडा, सारवण त्यांच्याकडे. जिच्या हातानं अंगण पवित्र व्हायचं, तिला त्या घरात बसायची जागा उंबऱ्याजवळ. जनाबाईच्या झाडलोटीला विठ्ठल हात लावतो, ही कल्पना आपल्याकडे इतकी का रुजली, त्याचं कारण आम्हाला इथंच दिसतं. दुसरं कोणी हात लावत नव्हतं.

मातीची जमीन आरोग्याला चांगली की वाईट, यावर बैठकीत वाद झाला. शेणानं जंतू मरतात, असं काहीजणी ठामपणे म्हणाल्या. आमचं मत वेगळं आहे. सारवलेली जमीन गार असते, पायाला मऊ असते, पण ती धुता येत नाही. लेकराची शी-शू, सांडलेलं अन्न मातीतच मुरतं. या बाबतीत दूरच्या एका देशाचा दाखला ऐका. मेक्सिको देशातल्या कोआहुइला राज्यात २००० साली सरकारनं गरीब घरांना मातीच्या जागी सिमेंटची जमीन करून द्यायला सुरुवात केली. अभ्यासकांनी नंतर तिथली मुलं तपासली, तर त्यांच्या पोटातले जंत, जुलाब आणि रक्ताची कमतरता कमी झाली होती. आणि त्या घरांतल्या आया आपल्या घराबद्दल जास्त समाधानी होत्या. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत देशाच्या ग्रामीण भागातल्या दर १०० घरांपैकी ६० हून जास्त घरांची जमीन मातीचीच होती. त्यामुळं ही गोष्ट फार जुनी झाली, असं समजू नका.

आता दगडाकडे येऊ. दगडी फरशी आधीही होती, पण देवळात, घाटावर, वाड्यात. साध्या घरापर्यंत ती आणली आगगाडीनं. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापूरला पोचला, आणि १८७१ साली पुढं रायचूरपर्यंत गेला. त्याच वाटेवर शहाबाद. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं, आज कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथला दगड थराथरानं निघतो, वहीची पानं सुटावीत तसा. फार घडवावा लागत नाही, म्हणून स्वस्त. गाडीत भरला की सोलापूर, पुणे, मुंबई. आपण ज्या फरशीला नुसतं शहाबादी म्हणतो, तिचं नाव एका स्टेशनाचं आहे. ओट्याचा काळा कडप्पाही असाच, आंध्रातल्या कडप्प्याचा. हिरवट कोटा राजस्थानातला.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे आणि ती प्रत्येकीनं लक्षात ठेवावी. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. चुन्यावर लिंबू पिळलं की फसफसतं, तसंच आंबट किंवा ॲसिड पडलं की हा दगड विरघळतो. सांडलेलं ताक, चिंचेचा कोळ, लिंबू लगेच पुसा. राहिलं तर पांढुरका डाग पडतो, आणि तो मळाचा डाग नसतो. तिथला दगडच खाल्लेला असतो, म्हणून घासून जात नाही. तेल सांडलं तर त्यावर कोरडी राख किंवा खडूची पूड रात्रभर पसरून ठेवा, सकाळी झाडून घ्या. एरवी साधं पाणी पुरतं, महिन्यातून एकदा थोडा धुण्याचा सोडा.

सिमेंटचं आणि रंगीत टाइल्सचं थोडक्यात सांगतो, कारण ते बराच काळ शहरापुरतंच होतं. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयासारख्या १८७२ च्या इमारतीत रंगीत फरश्या इंग्लंडहून आणून बसवल्या. आपल्या देशात पोरबंदरला १९१४ साली सिमेंट तयार होऊ लागलं. मग १९२२ साली सिधवा या पारशी कुटुंबानं स्वदेशीच्या विचारानं भारत टाइल्स सुरू केली. सिमेंटच्या नक्षीदार फरश्या इथंच बनू लागल्या. पुढं संगमरवराच्या खड्यांची मोझॅक आली, ती शाळांत, दवाखान्यांत, सरकारी इमारतींत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गावात मात्र १९७२ च्या दुष्काळापर्यंत आणि नंतरही सारवणच. त्या दुष्काळात आपल्या आयांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. ती खडी रस्त्याखाली गेली आणि फोडणारीच्या घरात शेणकालाच राहिला. आमच्या गटांतल्या तीन-चार जणींच्या हातावर त्या खडीचे वण अजून आहेत.

गावात सिमेंट आलं ते कोब्याच्या रूपानं, आणि नंतर घरकुलांबरोबर. कोब्याची एकच गोष्ट सांगायची तर पाणी. कोबा केल्यावर निदान सात दिवस तो ओला राहिला पाहिजे. मातीची आळी करून पाणी साठवा किंवा ओली पोती टाका. गवंडी निघून जातो, पाणी मारायचं काम आपल्यावर येतं आणि हापसा लांब असतो. म्हणून दोन दिवसांत पाणी थांबतं, आणि वर्षभरात कोब्याचं पीठ निघायला लागतं. मग दोष सिमेंटला दिला जातो.

इथं आम्हाला जे मुख्य सांगायचं आहे ते येतं. मातीची जमीन आली तेव्हा ती राखायची कशी, हे आईनं लेकीला, सासूनं सुनेला हातात हात धरून शिकवलं. शहाबादी, कोबा, टाइल्स आल्या तेव्हा शिकवायला कोणी आलंच नाही. बसवणारा पैसे घेऊन गेला. मग शिकवलं कोणी? दुकानातल्या बाटलीनं. पांढरं व्हावं, वास यावा, चकाकी यावी, एवढंच बाटली सांगते. आमच्या बैठकांमध्ये निम्म्याहून जास्त बायांनी सांगितलं की दिवाळीला फरशीवर ॲसिड टाकतो. शहाबादीवर, कोब्यावर, टाइल्सवर, सगळीकडे एकच.

शहाबादी आणि कोबा ॲसिडनं खरबरीत होतात, आणि खरबरीत झाले की आधीपेक्षा जास्त मळ धरतात. मग पुढच्या दिवाळीला आणखी ॲसिड. गुजरातेत मोरबीला बनणाऱ्या चकचकीत टाइल्स २००० नंतर आपल्या बाजारात स्वस्तात येऊ लागल्या. त्यांच्या चकाकीला ॲसिड सहसा काही करत नाही, पण सांध्यातलं सिमेंट खाऊन टाकतं. सांधे पोकळ झाले की पाणी खाली उतरतं, मुंग्या होतात, टाइल वाजायला लागते. टाइल्सना पातळ साबणपाणी आणि नंतर साधं पाणी एवढं बास. फिनेल घालायचं तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच. जास्त घातल्यानं मळ जास्त निघत नाही, फरशी चिकट होते आणि म्हातारं माणूस घसरतं.

यापेक्षा गंभीर गोष्ट श्वासाची. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, एकानंतर लगेच दुसरंही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो छातीत जातो, डोळे चुरचुरतात, दम लागतो, बंद न्हाणीघरात जीवही जाऊ शकतो. तसं झालंच तर बादली आवरत बसू नका, आधी बाहेर या, दार उघडं टाका आणि दवाखाना गाठा. सुप्रीम कोर्टानं २०१३ साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली, ती बायांवर होणाऱ्या ॲसिडहल्ल्यांमुळं. विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवायचा, ओळखपत्र पाहायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही. बाजाराच्या दिवशी बिनलेबलच्या बाटल्यांत ते कसं विकलं जातं, हे तुम्ही पाहताच. ती बाटली घरात घ्यायची गरजच नाही.

घरकुलाचं एक बोलून थांबतो. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट मुलखासाठी १,२०,००० रुपये ठरले, आणि घर निदान २५ चौरस मीटरचं. पैसे हप्त्यानं येतात. पाया, भिंती, छत यात ते संपतात आणि जमीन शेवटची, म्हणून ती राहते. नव्या पक्क्या घरात आत पुन्हा सारवण, असं आमच्या गावांत कितीतरी ठिकाणी आहे. घर नवरा-बायको दोघांच्या नावानं मंजूर व्हावं, असा नियम आहे. विधवा किंवा एकटी बाई असेल तर तिच्या नावानं. मग बांधकाम ठरतं तेव्हाच, गवंड्याशी बोलतानाच आपण बसावं, आणि जमिनीचा खर्च आधी बाजूला काढायला लावावा. दोन गटांनी यंदा अंतर्गत कर्ज फक्त जमिनीसाठी दिलं. एकीनं शहाबादी घेतली, एकीनं कोबा. टाइल्स दोघींनीही नको म्हटल्या. एकीकडे सासू म्हातारी आहे, दुसरीकडे शेळ्या घरातच बांधतात.

पुढच्या बैठकीला येताना फरशीसाठी वापरता त्या बाटल्यांपैकी एखादी रिकामी झाली असेल तर घेऊन या, आणि फरशीचा फुटका तुकडा असेल तर तोही. तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून पाहू, आणि लेबल मिळून वाचू.