फर्मीची रेषा, पण फर्मीसाठी नव्हे

बीटा ऱ्हास शिकवताना कुरी आलेख येतोच, आणि तो फर्मीच्या सिद्धांताची कसोटी म्हणून येतो: बिंदू सरळ रेषेत पडले की फर्मी पास. गंमत अशी की हा आलेख पहिल्यांदा मांडला गेला तो फर्मीला नापास ठरवण्यासाठी.

आधीच्या पायऱ्या परिचित आहेत. चॅडविकने १९१४ साली दाखवलेला सलग वर्णपट, पाउलीने १९३० साली सुचवलेला न्यूट्रिनो, आणि १९३४ साली फर्मीचा हिशेब. या हिशेबात इलेक्ट्रॉनांची संख्या तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: संवेगाचा वर्ग, कमाल ऊर्जेतून इलेक्ट्रॉनची ऊर्जा वजा करून उरलेल्या ऊर्जेचा वर्ग, आणि केंद्राच्या विद्युतभाराचा परिणाम धरणारं फर्मी फलन. मोजलेल्या संख्येला संवेगाचा वर्ग आणि हे फलन यांनी भागून वर्गमूळ काढलं की रेषा सरळ येते.

पण १९३५ साली कोनोपिन्स्की आणि उलेनबेक यांनी या हिशेबात उरलेल्या ऊर्जेचा आणखी एक वर्ग घुसवला. कारण प्रयोगांत कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फर्मीच्या अंदाजापेक्षा जास्त दिसत होते. पुढच्याच वर्षी बर्कलीत कुरी, रिचर्डसन आणि पॅक्सटन यांनी मेघकक्षातली मोजमापं मांडली आणि वर्गमूळाऐवजी चतुर्थमूळ घेतलं. रेषा सरळ आली! फर्मी मागे पडला.

मग चुकलं कुठे? मेघकक्षाची मोजणी निर्दोष नव्हती, असं म्हणता येतं, आणि ते खरंही आहे. पण माझ्या मते मोठा दोष नमुन्याच्या जाडीचा. जाड थरातून बाहेर पडताना इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतात, आणि मग कमी ऊर्जेची गर्दी वाढते. शिवाय नव्या सूत्राने काढलेली कमाल ऊर्जा प्रत्यक्षापेक्षा जास्त येत होती. ही खूण तेव्हाच पुरेशी बोलकी होती.

लोकप्रिय कथेत हा गुंता च्येन-श्युंग वू एकट्या सोडवतात. ते जरा अतिरंजित आहे, कारण १९३९च्या सुमारास पातळ नमुन्यांनीच पारडं फर्मीकडे झुकू लागलं होतं. पण शेवटचा खिळा वूंचाच. १९४९ साली कोलंबियात त्यांनी आणि अल्बर्ट यांनी तांबे-६४च्या द्रावणात साबणासारखा पदार्थ मिसळून थर पातळ आणि एकसारखा पसरवला, आणि कमी ऊर्जेची जादा गर्दी जवळजवळ नाहीशी झाली.

तेव्हापासून वर्गमूळच घेतात, मात्र नाव कुरीचं राहिलं. न्यूट्रिनोच्या वस्तुमानामुळे या रेषेचं टोक किंचित खाली वाकायला हवं. तेच टोक ट्रिटियमच्या १८.६ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ तपासणाऱ्या कार्ल्सरुहेच्या कॅट्रिन प्रयोगाने २०२५ साली वस्तुमानाची वरची मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट जाहीर केली.